घरामागच्या वाडीत केळी लावावी का पपई?

मावसभावाचा फोन आला होता, न्हाणीमागं जागा उरली आहे, पाणी तसंच वाहून जाते, केळी लावू का पपई? मी दोन्ही लावून पाह्यल्या, पपई 2 वेळा अन् केळी आता 6 वर्षं झाली, म्हणून त्याला सांगितलं तेच जरा सुचेल तसं लिहितो. खड्डा केवढा, शेणखत किती, हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो.

आधी पपईचं चांगलं सांगून घेतो, कारण तिच्यावर माझा राग आहे अन् राग असला की चांगलं बोलायचं राहून जाते. एक तर ती लवकर येते, माझी पहिली पपई रोप लावल्यापासून 10 महिन्यांत पिकली. जागा कमी खाते, सावली फार नाही, खाली मेथी-सांबार (कोथिंबीर) मजेत होते. फळ एकेक करून पिकते, म्हणजे आज एक, चार दिवसांनी दुसरं, घरच्यासाठी एकदम सोयीचं. अन् गावरान कोंबडं शिजता शिजत नसलं की कच्च्या पपईचा तुकडा टाकला की काम झालं. फक्त खाल्लेल्या पपईच्या बिया टाकून झाडं करू नका बाप्पा, माझ्या आईनं केली होती, 5 झाडांतली 3 नर निघाली, नुसते लांब लांब फुलांचे झुबके अन् फळ काही नाही, अन् हे कळते केव्हा तर सहा महिने खतपाणी करून झाल्यावर. नर्सरीतून तैवान 786 जातीचं रोप आणलं तर ही भानगड राहत नाही.

आता राग कशाचा ते. पहिल्या वेळी मी 4 झाडं न्हाणीच्या पाटालगतच लावली, म्हटलं पाणी आयतंच आहे. श्रावणात 3 दिवस झड लागली, आपली काळी माती, पाणी धरून बसली. आधी खालची पानं पिवळी पडली, मग जमिनीशी खोड नरम लागायला लागलं, बोट दाबलं तर आत गेलं. पाचव्या दिवशी सकाळी पाहतो तर वीसेक हिरव्या पपया लागलेलं झाड आडवं. वारा नाही, माकड नाही, काही नाही, आपलं आपणच बसलं! मुळांना हवा मिळाली नाही की ती गुदमरतात अन् मग बुरशी बुडाशी खोड कुजवते, हे मला नंतर समजलं.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो, मुरूम टाकून उंच ओटे केले, त्यावर 3 झाडं लावली, 2 जगली. पण मग घरात वेगळंच सुरू झालं. बायको कपडे धुऊन पाणी फेकायची तर मी ओरडायचो इकडं नको, ती म्हणायची मग काय डोक्यावर ओतू? पावसाळाभर पाणी हाकलायचं अन् मे महिन्यात 45 डिग्रीत त्याच झाडाला बादलीनं पाणी न्यायचं, अन् एवढं करून त्या उन्हात फुलं गळतच होती. घरच्या झाडाची एवढी राखण करायची म्हणजे मला नाही जमलं. त्यात आमच्या गावाला चारीकडून पराटी (कपाशी), तिच्यावरची पांढरी माशी गावभर फिरते अन् पपईला रोग लावते, दुसऱ्या वर्षी शेंड्याची पानं गोळा झाली ती झालीच.

केळीचेही त्रास आहेत, नाही असं नाही. जागा खाते, मुनवे, म्हणजे बुडातून फुटणारी पिलं, काढत राहिलं नाही तर वर्षा-दोन वर्षांत जंगल होते, मी एका बुडाशी मोठं झाड अन् एकच पिल ठेवतो. उन्हाळ्यातल्या गरम हवेनं पानांच्या चिंध्या होतात, कडा करपतात, घडाचा दांडा उघडा राहिला तर तोही भाजते, वाळलेली पानं बांधावी लागतात. घड भरला की दोन बांबूंची कैची लावा, नाही तर तीही पडते. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, घड पिकते एकदम. 8 फण्यांचा घड कुटारात (भुशात) दाबला तर आठवड्याच्या आत सगळा पिवळा, घरात चार माणसं, खाऊन खाऊन किती खाणार? मग गल्लीत वाटत फिरा. (गल्लीत नाव मात्र चांगलं होते.)

पण न्हाणीचं पाणी, साबणाचं असो, भांड्याचं असो, आमची केळी निमूट पिते. पाणी वाहतं असलं, डबकं साचत नसलं, की झडीत तिच्याकडं पाहावंही लागत नाही. महालक्ष्म्यांना जेवायला पानं घरची, सत्यनारायणाला खुंट घरचे, केळफुलाची भाजी वेगळी. आमच्या वर्धा जिल्ह्यात सेलूची केळी एके काळी नावाजलेली, त्यामुळं हवा-माती तिला परकी नाही असं आपलं माझं मत. माकडांच्या बाबतीत दोघी सारख्याच, ते दोन्हीचं वाटोळं करतात.

तुमची जमीन मुरमाड, उताराची असेल अन् न्हाणीचं पाणी दुसरीकडं जात असेल तर पपई लावा, मी काही अडवणार नाही, एखादं झाड मीही अंगणाच्या उंचवट्यावर ठेवलं आहे, कोंबड्यापुरतं. मावसभावाला मात्र केळीच सांगितली. मुनवे पाहिजे असतील तर मृगात या, तलवारीसारख्या अरुंद पानाचे काढून ठेवतो, रुंद पानाचे दिसतात छान पण कमजोर निघतात. येताना पोतं आणा, माझ्याकडची संपली.