इंजेक्शनं घेऊन आयव्हीएफ की त्यांच्याविना?

पुण्यात आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा विषय निघाला की घरात आधी हार्मोनच्या इंजेक्शनांची धास्ती बसते. 'एवढी टोचून घेतलीस आणि स्त्रीबीजं संपली तर?' हे सासूबाईही विचारतात आणि आयटीतली नणंदही. ही भीती निराधार आहे. दर महिन्याला अंडाशयात बरीच फॉलिकल (बीजाच्या छोट्या पिशव्या) वाढू लागतात. त्यातलं एक पुढे जातं, बाकीची जिरतात. इंजेक्शनं या जिरणाऱ्यांना वाढवतात, पुढच्या साठ्याला हात लावत नाहीत.

पोट फुगणं, चिडचिड मात्र खरी. पीसीओएस (अंडाशयात खूप लहान फॉलिकल असण्याचा त्रास) असेल तर अंडाशय सुजून पोटात पाणी साठण्याचा धोकाही असतो. ट्रिगर (बीज पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) बदलून आणि गर्भ गोठवून डॉक्टर तो बराच आटोक्यात ठेवतात.

नैसर्गिक सायकलमध्ये, म्हणजे त्या महिन्यात आपोआप वाढलेलं बीज घेण्यात, रोजचं टोचणं नाही, फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी इंजेक्शनच्या पेनांचा डबा नाही. पण बीज एकच. ते काढण्याआधीच फॉलिकलमधून सुटलं की महिना वाया. मीटिंगमध्ये असताना क्लिनिकचा फोन येतो, 'एलएच (बीज सुटायचा इशारा देणारं हार्मोन) वाढलाय, लगेच निघा', आणि तुम्ही हिंजवडीत! बीज मिळालं तरी फलन होईलच असं नाही. म्हणून एका सायकलमागे यश कमी. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने तर २०१३ मध्ये ही पद्धत देऊच नका असं सांगितलं. शिवाय 'बिनहार्मोन' म्हटलं तरी ट्रिगरचं इंजेक्शन आणि नंतर गर्भ टिकायला मदत करणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन अनेकदा देतातच.

कोणी ही 'नवी पद्धत' म्हणून गळी उतरवत असेल, तर लक्षात ठेवा, १९७८ मधली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन नैसर्गिक सायकलमधलीच होती. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी हार्मोन वापरून भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी 'दुर्गा' जन्माला आणली.

स्वस्त? औषधांचे पैसे वाचतात, एग पिकअप (बीज बाहेर काढणं) आणि लॅबचे पैसे प्रत्येक खेपेला मोजावेच लागतात.

पस्तिशी उलटली असेल आणि एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) बरा असेल, तर मी इंजेक्शनांच्या बाजूची. ती घेऊनही एखाद-दुसरंच बीज येत असेल, किंवा उरलेले गर्भ गोठवून ठेवणं मनाला पटत नसेल, तर नैसर्गिक सायकलचा विचार जरूर करा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा. बीज वाढवायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या आणि मोजकी इंजेक्शनं हा मधला मार्गही आहे.

क्लिनिक कुठलंही असो, सुरू केलेल्या सायकलींपैकी किती जणींच्या हाती बाळ आलं, तेवढं विचारा. आकडा गर्भाशयात गर्भ ठेवण्यापर्यंत पोचलेल्यांपुरताच सांगितला, तर मध्येच रद्द झालेल्या सायकली त्यात धरलेल्या नसतात.