स्टेशनावरचं 'फुकट' वायफाय मला ७७,३३९ रुपयांना पडलं

कोकणातलं एक स्टेशन, गाडी पावणेदोन तास लेट. दिवसाचा दीड जीबी केव्हाच संपलेला आणि दिरांना उतरवून घ्यायला कधी यायचं ते कळवायचं होतं. वायफायच्या यादीत दोन नावं आली, दोन्हींत 'रेल'. ज्याला रेंज जास्त ते जोडलं (ते बनावट होतं, हे नंतर कळलं). कोणीही तेच केलं असतं.

रेल्वेचा लोगो, मोबाइल नंबर, ओटीपी, सगळं नेहमीसारखं. मग आलं, 'जलद इंटरनेट, दिवसाचे १० रुपये'. रेलवायर, म्हणजे रेल्वेचं खरं स्टेशन-वायफाय, वापरणाऱ्यांना माहीत आहे, तिथे पहिली ३० मिनिटं फुकट असतात आणि पुढे खरोखरच १० रुपयांपासून प्लॅन मिळतात. मग दहा रुपयांत संशय कसला घ्यायचा? यूपीआयवर बोट ठेवलं तर 'सध्या बंद'. आपल्याकडे शहाळंवालासुद्धा यूपीआय घेतो, आणि इथे फक्त कार्ड! पण लाउडस्पीकरवर घोषणा चाललेली, मांडीवर पिशव्या. टाकलं डेबिट कार्ड.

ओटीपीचा मेसेज मी उघडलाच नाही. कीबोर्डच्या वर ते सहा आकडे आपसूक येतात ना, त्यावर टिचकी मारली. मेसेजात रक्कम स्वच्छ लिहिलेली होती : ४९,९९९ रुपये. मेसेज वाचायची वेळच येऊ नये अशी सोय फोनवाल्यांनी करून ठेवलीय आणि वर आपल्यालाच विचारतात, वाचलं का नाहीत! ओटीपी टाकायच्या आधी रक्कम बघा. आकडे हाताने टाइप करा, म्हणजे मेसेज उघडावाच लागेल.

पैसे कापल्याचा मेसेज येताच ९:१२ला बँकेला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा, कार्डासाठी दोन दाबा, मग सनई. मी होल्डवर असताना ९:२०ला आणखी २७,३४० गेले, कुठल्याशा परदेशी साइटवर, ओटीपीशिवाय. तिकडच्या साइटना तो लागतोच असं नाही. लेकीच्या फीसाठी कार्डाचे इंटरनॅशनल व्यवहार चालू केले होते, ते तसेच राहिले. तुमचे चालू असतील तर आत्ता बंद करा, पुढचं नंतर वाचा.

भाचा आयटीत. म्हणाला, "मावशी, यात हॅकिंग काही नाही, तूच टाइप केलंस. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटची जोडणी सुरक्षित करणारं अॅप, असतं तरी पैसे गेलेच असते." शहाणाच आहे. पण खरं आहे ते. वायफायच्या पानावर कार्ड मागितलं की तिथूनच मागे फिरा.

आता पोलीस. रेल्वे पोलीस म्हणाले, ऑनलाइन आहे, शहरच्या ठाण्यात जा. शहरचे म्हणाले, रेल्वे हद्द. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो, झिरो एफआयआर आता कायद्यातच आहे. हे मी सांगितलं तर हवालदार म्हणाले, "मॅडम, वकील आहात का?" आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, आणि साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशीही बंदोबस्त. असा कसला बंदोबस्त, ज्यात चोर सोडून सगळे अडकतात? १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मात्र पहिल्या तासातच फोन करा. माझे ६,२०० रुपये पुढच्या खात्यात गोठले ते त्यामुळेच. ते सोडवून घ्यायचे अजून बाकी आहेत.

बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिलात, जबाबदारी तुमची. पहिल्या रकमेबद्दल एक वेळ ऐकून घेईन. पण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. त्यांच्या लेखी मी कळवलं ९:३१ला, तक्रार क्रमांक मिळाला तेव्हा. मधली एकोणीस मिनिटं मी काय सनई ऐकायला फोन केला होता?

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकलीय. त्याला फी नाही. ९:१२च्या कॉलचा स्क्रीनशॉट जोडलाय. तुम्हीही कॉल लॉग पुसू नका.