हेलसिंकीतील खरेदी : बंदराकाठचा बाजार आणि एस्प्लानादी

हेलसिंकीत खरेदीसाठी हाताशी अर्धाच दिवस असेल, तर बंदरालगतच्या, १८८९ साली सुरू झालेल्या 'वान्हा कौप्पाहल्ली' या जुन्या बाजारापासून आरंभ करावा. लाकडी गाळ्यांच्या अरुंद बोळांत धुरी दिलेला सॅल्मन, रेनडिअरचे मांस आणि क्लाउडबेरीचा जॅम आकर्षकपणे मांडलेला असतो. दर मात्र चढे आहेत आणि घासाघीस करण्याची तेथे पद्धत नाही, हे आपल्यासारख्यांनी आधीच मनाशी बांधून जावे. जवळच्याच एस्प्लानादी या रस्त्यावर मारिमेक्को या फिनिश कंपनीचे कापड व ईत्ताला या फिनिश कंपनीची काचभांडी मिळतात. मारिमेक्कोच्या १९६४ सालच्या 'उनिक्को' नक्षीतील टपोरी लालभडक फुले छायाचित्रापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी ठसठशीत दिसतात. खिसा बेताचा असल्यास हिएतालाहती चौकातील जुन्या वस्तूंचा बाजार अधिक मानवेल.