व्हिएन्नाची पायवाट क्रमांक १: ग्रुपने जायचं असेल तर

व्हिएन्नाला जाणाऱ्या ठाणेकर ग्रुपचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो: श्योनब्रुन राजवाडा, श्टेफान्सडोम हे मोठं चर्च, ऑपेराबाहेर फोटो आणि वरून उघड्या बसची फेरी. यातली बस काढून टाका आणि तो दिवस श्टाटवांडरवेग १ ला द्या. महापालिकेने डोंगरात आखलेली, जागोजागी पाट्या लावलेली ही पायवाट. तिकीट नाही, गेट नाही, नावनोंदणी नाही. नुसडॉर्फहून निघायचं, ४८४ मीटर उंचीच्या कालेनबेर्गवर जायचं आणि परत नुसडॉर्फलाच उतरायचं. फेरा साधारण ११ किलोमीटरचा, वेळ तीन ते चार तास. सहाजणांचा मराठी ग्रुप असेल तर खाणं धरून सहा तास बाजूला ठेवा.

या वाटेचा मोठा गुण सृष्टिसौंदर्य नाही, त्या बाबतीत पावसाळ्यातलं ठाण्याचं येऊर सहज वरचढ आहे. गुण हा की इथे सगळ्यांनी एकाच चालीने चालायची सक्ती नाही. गुडघे दुखणारा मित्र थेट बसने डोंगरावर पोचतो, चालणारे चालत येतात, आणि दोन्ही गट डोंगरावरच्या एकाच गच्चीवर भेटतात.

सुरुवात डी ट्रामने करा. ही ट्राम रिंगरस्त्यावरून जाते, त्यामुळे ऑपेरा, संसद, टाउन हॉल बसल्याजागी दिसून जातात. उघड्या बसचं निम्मं काम इथेच झालं. शेवटचा थांबा नुसडॉर्फ. सगळा प्रवास शहराच्या आतल्या झोनमध्ये येतो, म्हणजे साधं २४ तासांचं तिकीट पुरतं आणि परतीच्या बसलाही तेच चालतं. गोची एकच होते. स्टेशनवर अडवणारं गेट नसतं, त्यामुळे कागदी तिकीट खिशात ठेवून लोक सरळ आत जातात. त्यावर वेळ आधीच छापलेली नसेल तर ते निळ्या पेटीत घालून वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. साध्या कपड्यातला तपासनीस आला आणि शिक्का नसला, तर तिकीट असूनही शंभर युरोच्या वर दंड बसतो, तोही माणशी. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाला ही भानगड नाही. ग्रुपची तिकिटं एकाच्याच फोनमध्ये असतील तर त्याची बॅटरी सांभाळा आणि वेगवेगळ्या डब्यांत चढू नका.

नुसडॉर्फपासून पहिला टप्पा बीथोवेनगांगचा, ओढ्याच्या काठाने जाणारी सपाट, सावलीची वाट. संगीतकार बीथोवेन इथे फिरायला यायचा, त्याचा १८६३ सालचा अर्धपुतळा वाटेतच आहे. पुढे चढ सुरू होतो. एकूण उंची तीनशे मीटरांच्या आसपास वाढते, पण ती लांबवर पसरलेली असल्यामुळे दम लागतो तो थोड्याच ठिकाणी. हात टेकायचा कातळ कुठेच नाही. ट्रेकिंगचे जाडजूड बूट नेऊन सामानाचं वजन वाढवू नका, चांगल्या पकडीचे स्पोर्ट्स शूज पुरतात. पाट्यांवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. जंगलात त्या नेमक्या जागी आहेत, द्राक्षमळ्यांत वाटा फुटतात तिथे विरळ होतात. पुढे गेलेल्याने फाट्यावर थांबायचं, एवढा नियम ग्रुपने पाळला तरी पुरे. शिवाय १ आणि १अ या वेगळ्या वाटा आहेत. १अ लिओपोल्ड्सबेर्गवर जाते आणि तिचा नाझेनवेग नावाचा भाग नागमोडी, पायऱ्यांचा, खडा आहे. नवख्यांनी तिकडे वळू नये.

बसने येणाऱ्यांनी यू४ मेट्रोने हायलिगनश्टाट गाठायचं आणि बाहेरूनच ३८ए बस धरायची. चढण्यापूर्वी पाटीवर शेवटचा थांबा वाचा, प्रत्येक फेरी टोकापर्यंत जातेच असं नाही. ऊन असलेल्या शनिवार-रविवारी दुपारी ही बस आपल्या ठाण्याच्या टीएमटी बसइतकीच भरते, म्हणून अकराच्या आत निघा.

कालेनबेर्गच्या गच्चीवरून सगळं शहर पायाशी दिसतं. डावीकडे डॅन्यूब, आणि नीट पाहिलं तर पाण्याचे दोन पट्टे आणि मधे हिरवी चिंचोळी पट्टी. ती पट्टी म्हणजे डोनाउइन्झेल, २१ किलोमीटर लांबीचं मानवनिर्मित बेट. पुराचं पाणी वळवायला १९७२ ते १९८८ या काळात दुसरं पात्र खणलं, त्याच मातीचं ते झालं. पोहणं, सायकल, गवतावर लोळणं सगळं तिथे फुकट, यू१ मेट्रो थेट बेटावर थांबते; दुसरा दिवस तिथे द्या. गच्चीवरची खानपानाची ठिकाणं मात्र देखाव्याचे पैसे घेतात. कॉफीपलीकडे काही मागवू नका, भूक खालच्यासाठी राखा. बाजूच्या चर्चवरचा फलक वाचण्यासारखा आहे: १६८३ साली पोलंडचा राजा सोबिएस्की याच डोंगरावरून उतरून व्हिएन्नाला पडलेला ऑटोमन तुर्कांचा वेढा मोडायला गेला.

उतार द्राक्षमळ्यांतून आहे. इथे सावली नाही आणि बराच भाग डांबरी. कुरबुरणारे गुडघे चढाला तक्रार करत नाहीत, या डांबरी उताराला करतात. अशांनी परतीलाही ३८ए बसच धरून पायथ्याच्या ग्रिन्झिंगला उतरावं.

आता मुख्य गोष्ट. व्हिएन्नाच्या हद्दीत सहाशे हेक्टरांच्या आसपास द्राक्षमळे आहेत, आणि मळेवाल्यांना आपली वाइन आपल्या अंगणात विकायची मुभा १७८४ पासून आहे. या अंगणांना हॉयरिगर म्हणतात. दारावर पाइनच्या फांद्यांची जुडी टांगलेली असेल तर चालू, नसेल तर बंद. बरेच मळेवाले वर्षातले ठरावीक आठवडेच उघडतात आणि मळ्यातली बाकडी पावसात मिटतात. वाइन टेबलावर येणाऱ्याला सांगायची, खाणं आतल्या काउंटरवर जाऊन निवडायचं आणि पैसे बहुधा तिथेच द्यायचे. टेबलावर बसून खाण्याची वाट पाहणारे अर्धा तास नुसतेच बसतात. माप लिटरच्या आठव्या किंवा चौथ्या हिश्शाचं. उन्हात चालून आल्यावर निम्मा सोडा घातलेली 'गेश्प्रिट्स्टर' घ्या. न पिणाऱ्यांना द्राक्षरस मिळतो आणि कोणी डोळे वटारत नाही. घरची वाइन निवडायची तर 'गेमिश्टर झाट्स' मागा: एकाच मळ्यात मिसळून लावलेल्या अनेक जातींची द्राक्षं एकत्र तोडून केलेली.

शाकाहाऱ्यांनी काउंटरवर डोळे उघडे ठेवावेत. लाल-केशरी 'लिप्टाउअर' हे पाप्रिका म्हणजे लाल मिरचीची पूड घातलेलं चीज, जाड्या पावावर थापून खायला उत्तम. शेजारच्या भांड्यातलं पांढरट, लोण्यासारखं दिसणारं 'श्माल्झ' डुकराची चरबी असते. बटाट्याची कोशिंबीर तर हमखास फसवते, कारण व्हिएन्नाच्या पद्धतीत ती गोमांसाच्या रश्शात कालवतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. बिलाच्या वेळी 'गेट्रेन्ट' म्हटलं की प्रत्येकाचा हिशोब वेगळा होतो, नंतर ग्रुपवर जीपेची वसुली करत बसावं लागत नाही. टीप टेबलावर ठेवायची नसते. बिलाच्या वर पाच-दहा टक्के धरून एकूण आकडा सांगायचा. थोडी रोकड जवळ हवीच.

घरून काय न्यावं? दशम्या, खाकरे, शेंगदाण्याची चटणी खुशाल. पण तूप, पेढे, पनीर यांसह दूध-मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात आणायला बंदी आहे, आणि बहुतेक ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं. म्हणजे हापूसची पेटी इथेच ठेवा. नारळ आणि केळी चालतात, हे ऐकून कोकणातल्यांना बरं वाटेल. अंगणात घरचा डबा उघडण्याआधी मालकाला विचारा. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, त्यामुळे खरेदी शनिवारीच उरका. राहिलीच तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली सुपरमार्केटं उघडी असतात. पाण्याच्या बाटल्या विकत घेणं शुद्ध उधळपट्टी आहे. नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून येतं. माणशी दीड लिटर नळावरच भरून निघा.

एक गोष्ट हलक्यात घेऊ नका: गोचीड. उबदार महिन्यांत गवताच्या टोकांवर असतात आणि काही मेंदूज्वराचा विषाणू वाहतात. लांब पँट, मोजे वर ओढलेले, वाटेच्या मधून चालणं, आणि हॉटेलवर परतल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत नीट पाहणं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. जंगलात बरेच दिवस घालवणार असाल तर लसीबद्दल निघण्याच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांशी बोला, डोस अंतराने घ्यावे लागतात.

मोसम मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारलाच अंधार. सप्टेंबरात आंबत असलेला गढूळ द्राक्षरस, 'श्टुर्म', मिळतो. चवीला गोड, चढायला जोरदार. बाटली घेतलीत तर उभीच धरा आणि झाकण घट्ट करू नका. आत वायू तयार होत असतो, सॅकमध्ये आडवी टाकली की कपडे भिजले म्हणून समजा.