अँटीव्हायरस विकत घ्यायचा, की बँकेची मर्यादा खाली आणायची?

घरच्या लॅपटॉपला संरक्षण हवं म्हटलं की दुकानदार अँटीव्हायरसचं खोकं पुढे करतो. ते घ्यावं का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी दोन धोके वेगळे करायला हवेत. एक धोका मशीनचा: नको असलेली सॉफ्टवेअर्स, सर्च बदलून टाकणारी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडले जाणारे छोटे प्रोग्रॅम), 'तुमच्या पीसीमध्ये ५ व्हायरस सापडले' अशा खोट्या सूचना. दुसरा धोका माणसाचा: फोनवरचा खोटा पोलीस, खोटा बँक अधिकारी, खोटं कस्टमर केअर. पहिल्यावर सॉफ्टवेअरचा उपाय चालतो. दुसऱ्यात पैसे आपल्याच हाताने, आपलाच पिन टाकून जातात आणि तिथे कुठलाही अँटीव्हायरस मध्ये पडत नाही. म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: बहुतेक घरांनी विकतच्या अँटीव्हायरसवर पैसे घालू नयेत, आणि ज्या खात्यातून पैसे जाऊ शकतात त्या खात्यावर एक दुपार घालवावी.

लॅपटॉप: डिफेंडर, फुकटचा की विकतचा

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासूनच असतं. जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेच्या चाचण्यांत ते गेली काही वर्षं नावाजलेल्या विकतच्या पॅकेजच्या बरोबरीने गुण मिळवत आलंय. त्याची एक उणीव मात्र खरी आहे: त्याची पकड बरीचशी इंटरनेटवरच्या तपासणीवर अवलंबून असते, आणि जोडणी नसताना ती सैल पडते. त्यामुळे दुकानातला हिशेबाचा पीसी, जो फारसा नेटवर नसतो पण ज्याला रोज चार जणांचे पेनड्राइव्ह लागतात, त्याला विकतचा अँटीव्हायरस घेण्यात अर्थ आहे. पुण्यात मुख्यालय असलेलं क्विक हील किंवा त्या तोडीचं दुसरं काहीही चालेल. घरात, वाय-फायवर कायम असलेल्या लॅपटॉपला डिफेंडर पुरतं.

फुकटच्या तिसऱ्या पर्यायाबद्दल आम्ही साशंक आहोत. फुकट अँटीव्हायरस देणाऱ्या अव्हास्टने आपल्याच वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. शिवाय फुकट आवृत्त्या 'अपग्रेड करा' म्हणून सतत खिडक्या उघडतात, आणि घरातल्या वयस्कर माणसाला खरी सूचना कुठली नि खोटी कुठली हे ओळखणं त्यामुळे आणखी अवघड होतं.

विकतचा घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी बघा. पहिल्या वर्षाची किंमत सवलतीची असते, नूतनीकरणाची बरीच जास्त. कार्डावर ई-मँडेट (ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायची आगाऊ परवानगी) दिलेलं असेल तर १५ हजार रुपयांपर्यंतची रक्कम दरवेळी ओटीपी न मागता कापली जाते. २४ तास आधी संदेश येतो, तेवढीच संधी. दुसरं, एका मशीनवर दोन अँटीव्हायरस ठेवू नका. नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या ट्रायलची मुदत संपली की ती अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, डिफेंडर आपोआप चालू होतं.

डिफेंडरवरच राहायचं ठरलं तर एक सेटिंग हाताने तपासा. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज', आणि तिथे 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' खालच्या दोन्ही चौकटी टिक करा. ड्रायव्हर अपडेटर, पीसी क्लीनर, टूलबार ही मंडळी काटेकोर अर्थाने व्हायरस नसतात, त्यामुळे ही सेटिंग बंद असेल तर ती सरळ आत येतात.

याहून मोठा फरक पडतो तो विंडोजमधलं रोजच्या वापराचं खातं 'स्टँडर्ड' (मर्यादित अधिकारांचं) करण्याने, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. क्रम महत्त्वाचा: आधी 'सेटिंग्ज – अकाउंट्स – अदर यूझर्स' मध्ये नवं खातं काढून त्याला 'ॲडमिनिस्ट्रेटर' करा, त्यातून एकदा लॉगिन करून पासवर्ड चालतो हे बघा, आणि मगच जुनं खातं 'स्टँडर्ड' करा. आता काहीही बसवायचं झालं की ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो. शाळकरी मुलाने गेमचा क्रॅक उतरवला तरी तो बहुधा इथेच अडतो. बहुधा म्हणायचं कारण असं की काही प्रोग्रॅम फक्त त्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये बसतात, त्यांना पासवर्ड लागत नाही. ब्राउझरच्या एक्स्टेन्शन्सनाही लागत नाही.

विंडोज १० अजून चालवत असाल तर वरची सगळी तुलना दुय्यम ठरते. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा योजनेत नोंदणी केलेल्यांना दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोजमधली न बुजवलेली भोकं कुठलाही अँटीव्हायरस बुजवत नाही.

खोट्या सूचना आणि जाहिराती: ब्राउझरमध्ये अडवा की राउटरवर

कोपऱ्यात येणाऱ्या व्हायरसच्या सूचना बहुतेक घरांत व्हायरसमुळे नसतात. कुठल्या तरी साइटने 'अलाउ दाबा' म्हटलं आणि कुणीतरी दाबलं, इतकंच. क्रोममध्ये 'सेटिंग्ज – प्रायव्हसी अँड सिक्युरिटी – साइट सेटिंग्ज – नोटिफिकेशन्स' मध्ये जाऊन अनोळखी नावं काढा आणि साइट्सना सूचनांची परवानगी मागूच देऊ नका. पूर्ण पडदा व्यापून फोन नंबर दाखवणारं पान आलं तर एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. तो नंबर लावू नका.

जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन हे त्या मशीनपुरतं, पण नेमकं काम करतं. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केल्यापासून तिथे फक्त त्याची 'लाइट' आवृत्ती मिळते, ती थोडी कमी पकडते, तरी घरासाठी ठीक आहे. याचा खरा फायदा सर्चमध्ये दिसतो. गॅस एजन्सीचा किंवा कुरिअरचा नंबर शोधताना सर्वांत वर येणाऱ्या जाहिरातींतच खोटे कस्टमर केअर बसलेले असतात.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलणं हा दुसरा मार्ग. राउटरच्या सेटिंगमध्ये क्लाउडफ्लेअरचा १.१.१.२ (घातक साइट्स अडवतो) किंवा १.१.१.३ (त्यासोबत प्रौढांच्या साइट्सही) हा पत्ता टाकला की टीव्हीसकट घरातलं प्रत्येक उपकरण त्यात येतं. मर्यादा दोन. मोबाइल डेटावर गेलेला फोन राउटरला जुमानत नाही, त्यासाठी अँड्रॉइडच्या 'प्रायव्हेट डीएनएस' मध्ये वेगळी नोंद करावी लागते. आणि आज सकाळी जन्मलेली खोटी साइट कुठल्याच यादीत नसते. दोन्ही करा. एकच करायचं असेल तर एक्स्टेन्शन.

मोबाइल: इथे पारडं स्पष्ट आहे

सध्याचा नेहमीचा सापळा म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (अँड्रॉइडवर ॲप बसवणारी) फाइल: 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान'. बसवली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, ओटीपी परस्पर पाठवते, आपलं चिन्ह लपवते आणि तुमच्याच नावाने पुढच्या संपर्कांना जाते. म्हणूनच ती बहुधा ओळखीच्या माणसाकडून येते.

अँड्रॉइडवर विकतचं अँटीव्हायरस ॲप इतर ॲपसारखंच एका कप्प्यात बंद असतं, दुसऱ्या ॲपच्या आत त्याला डोकावता येत नाही. प्ले प्रोटेक्ट या गूगलच्या आधीपासूनच असलेल्या तपासणीपेक्षा ते फारसं जास्त करू शकत नाही. त्याऐवजी 'सेटिंग्ज – ॲप्स – स्पेशल ॲप ॲक्सेस – इन्स्टॉल अननोन ॲप्स' मध्ये व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर या तिघांची परवानगी बंद आहे ना ते पाहा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये मेनूची नावं थोडी वेगळी असतात. फोन अँड्रॉइड १६ वर असेल तर 'ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन' चालू करा, बाहेरची ॲप्स बसणंच बंद होतं. आईवडिलांच्या फोनसाठी यापेक्षा चांगलं सेटिंग आम्हाला माहीत नाही.

आयफोनवर एपीके बसत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. पण व्हिडिओ कॉलवरचा खोटा पोलीस आयफोनवरही तितकाच चालतो, स्क्रीन शेअरिंगही चालतं. निव्वळ फसवणूक टाळायला महागडा फोन घेऊ नका.

फाइल बसलीच असेल तर आधी विमान मोड. मग सेफ मोडमध्ये जाऊन 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' मधून तिचा अधिकार काढा, त्याशिवाय ती अनइन्स्टॉल होत नाही. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच फोनवरून नव्हे.

पैसा: चार रचना, चार किमती

सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं. म्हणजे रविवारी रात्री ११ वाजता घाबरलेला माणूस आयुष्याची पुंजी काही मिनिटांत पाठवू शकतो. उपाय असा हवा की त्या रात्री त्याला ते करताच येणार नाही.

पहिली रचना, बँकेच्या ॲपमध्ये रोजची मर्यादा कमी करणं. पाच मिनिटांचं काम, तात्काळ लागू. कमजोरी ही की मर्यादा ओटीपीने परत वाढवता येते, आणि फोनवरचा भामटा नेमकं तेच करून घेतो. कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मात्र ॲपमधून बंदच ठेवा.

दुसरी, यूपीआयसाठी वेगळं बचत खातं. त्यात महिनाभराच्या खर्चाएवढेच पैसे, मोठ्या खात्याला यूपीआय आणि नेटबँकिंग दोन्ही नाही. दर महिन्याला पैसे हलवण्याचा त्रास आहे, पण जास्तीत जास्त किती जाईल हे ठरलेलं असतं. भाजी आणि रिक्षापुरतंच हवं असेल तर यूपीआय लाइट: एका वेळी १,००० रुपये, शिल्लक ५,००० पर्यंत.

तिसरी, यूपीआय सर्कल. मुलीच्या खात्यावर वडिलांना 'दुय्यम वापरकर्ता' करता येतं. पूर्ण अधिकार दिला तर एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांची कमाल. अर्धा अधिकार दिला तर प्रत्येक व्यवहाराला मुलीचा पिन लागतो. सुरक्षेत हे वरचढ, पण मुलगी मीटिंगमध्ये असताना औषधाच्या दुकानात वडील ताटकळतात. आणि बऱ्याच वडीलधाऱ्यांना मुलीच्या पैशाने भाजी घेणं पटत नाही. ते न पटणं रास्त आहे, अशा घरात दुसरी रचनाच निवडा.

चौथी, ठेवी. मुदत ठेव म्हणजे सुरक्षित असा समज आहे, पण व्यक्तीच्या १ कोटीपर्यंतच्या ठेवी मुदतीआधी मोडण्याची सोय बँकेला द्यावीच लागते, आणि ॲपवरून ती क्षणात मोडता येते. व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या 'डिजिटल अरेस्ट' मध्ये लोकांना हेच करायला लावतात. (असा अटकेचा प्रकार भारतीय कायद्यात नाहीच.) मोठी ठेव दुसऱ्या बँकेत, नेटबँकिंगशिवाय, 'दोघांच्या सहीने' या पद्धतीने ठेवा. मोडायला दोघांनी शाखेत जावं लागेल. तो उशीर हेच तिचं मोल, आणि आजारपणात तोच अडचणीचा ठरतो, म्हणून सगळी पुंजी अशी ठेवू नका.

साठीच्या पुढच्या एकट्या माणसासाठी आम्ही दुसरी आणि चौथी एकत्र सुचवू. नोकरदार जोडप्याला पहिली आणि दुसरी पुरते.

कुठलीही रचना असली तरी दोन खुणा घरात सगळ्यांना पाठ हव्यात. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांच्या साइट्स 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर गेल्या आहेत. शेवट तसा नसेल तर तिथे पासवर्ड टाकू नका.

गेलेच तर: आधी १९३०, बँक की पोलीस ठाणं

आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. तिथून पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवण्याची सूचना थेट त्या बँकेला जाते, पोलीस ठाण्यात रांगेत थांबण्यात तोच वेळ जातो. व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपला खाते क्रमांक हाताशी ठेवा. लगेच नंतर बँकेच्या हेल्पलाइनवर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून घ्या, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्क्रीनशॉटसह नोंद. फोन फॅक्टरी रीसेट करायचा असेल तर तो या सगळ्यानंतर, नाहीतर पुरावाच पुसला जातो.

बँकेला कळवण्याचा वेळ पैशांत मोजला जातो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हिशेब असा घातला: चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काही येत नाही. ४ ते ७ कामाच्या दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला कमाल १०,००० रुपये. ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून पिन आपण दिला होता याची लाज वाटून दोन दिवस गप्प बसू नका. आधी तक्रार क्रमांक घ्या, घरच्यांना नंतर सांगा.