सिंगापूरला उतरल्यावर: मेट्रो की टॅक्सी?

लातूरहून रात्रभर रेल्वेनं मुंबई, तिथून विमान. चांगी विमानतळावर उतरेपर्यंत लेकरं पार गळून गेलेली असतात, म्हणून पुढचं घरूनच ठरवून निघा.

मेट्रो स्वस्त. स्टेशन टर्मिनल 2 आणि 3 ला लागूनच. 90 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या लेकराला तिकीट नाही. पण शहरात जायला सहसा तानाह मेराहला गाडी बदलावी लागते. दोन बॅगा, कडेवर झोपलेलं लेकरू आणि वर ही चढउतर! दिवसा, मोजक्या सामानानिशी असाल तर मात्र जरूर मेट्रोनं जा. खिडकीतून शहर बघण्यात लेकरं रमतात.

रात्री टॅक्सीच. विमानतळाचा अधिभार लागतो, रात्री 12 ते सकाळी 6 मीटरच्या निम्मी रक्कम आणखी. तरी थेट हॉटेलच्या दारात.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 1.35 मीटरपेक्षा कमी उंचीच्या लेकराला तिथं कारमध्ये चाइल्ड सीट सक्तीची आहे. टॅक्सीला त्यातून सूट आहे, ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. त्यामुळे ॲप वापरलंत तर गाडी निवडतानाच चाइल्ड सीटचा पर्याय बघा.