पेडल कयाक घेताय? फिनवाली की पंखेवाली, ते आधी ठरवा

भिगवणला पक्षी बघायला जाणाऱ्याच्या एका हातात दुर्बीण असते आणि दुसऱ्यात कॅमेरा. वल्हं मारायला तिसरा हात आणायचा कुठून? गळ टाकणाऱ्यांचीही तीच अडचण. म्हणून पायाने चालणारी कयाक, म्हणजे छोटी अरुंद होडी. ती घ्यायचं ठरलं की लोक वेग, आराम आणि किंमत विचारतात. मी उलट टोकाकडून सुरुवात करायला सांगतो: दोन वर्षांनी ड्राइव्ह, म्हणजे पेडलच्या जोराने होडी ढकलणारी यंत्रणा, उघडावा लागेल, तेव्हा त्याचा सुटा भाग पुण्यात मिळेल का?

फिनवाला ड्राइव्ह होबी कंपनीने 1997 मध्ये मिराज या नावाने आणला. आता तशाच पद्धतीच्या नकलाही मिळतात. पेडल गोल फिरवायचं नसतं, आळीपाळीने पुढे रेटायचं. तळाखालचे दोन लवचिक फिन पेंग्विनच्या पंखांसारखे आडवे हलतात. आतला कारभार म्हणजे चेन, वायरची केबल, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि एक कप्पी. सगळं उघड्यावर, ड्राइव्ह वर उचलला की डोळ्यांनी दिसतं. पंखेवाला सायकलच्या घराण्यातला. गोल पेडल, वर बेव्हल गिअर (फिरणं काटकोनात वळवणारा), मधून उभा शाफ्ट, खाली पुन्हा गिअर आणि शेवटी पंखा, म्हणजे प्रोपेलर. गिअर बंद पेटीत, काहींत तेलात, काहींत ग्रीसमध्ये. आत काय चाललंय ते पेटी उघडेपर्यंत कळत नाही.

पुण्याच्या आसपासच्या पाण्यात खरा फरक पडतो तो कचऱ्याने. जलपर्णीच्या जाड गालिच्यात दोन्ही हरतात, तिथे जायचंच नाही. पण पाण्याखालचं शेवाळ, तुटलेल्या जाळ्याचे धागे आणि तंगूस यांचं पंख्याशी फार सख्य. शेवाळ गुंडाळलं तर पंखा जड होतो आणि तुम्हाला लगेच कळतं. तंगूस मात्र चूपचाप शाफ्टवर, पंख्याच्या मागे जाऊन बसतो आणि हळूहळू ऑइल सील (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) कापतो. सील कापला की पाणी आत. माझ्या पहिल्या ड्राइव्हला हेच झालं. पेडलला थोडी घरघर यायला लागली होती, मी म्हटलं तेल कमी झालं असेल. उघडलं तेव्हा तेल दुधाळ चहासारखं झालेलं आणि खालचं बेअरिंग गंजून जाम. चूक पूर्ण माझी. तेव्हापासून दर तीन-चार फेऱ्यांनी पंखा काढून मागे बघतो. पाच मिनिटांचं काम आहे.

फिनवर शेवाळ अडकतं, नाही असं नाही, पण बरंचसं आपोआप निसटतं. शिवाय एक पेडल पूर्ण पुढे रेटून धरलं की दोन्ही फिन तळाला चिकटून आडवे होतात आणि कयाक वीतभर पाण्यावरूनही सरकते. पंख्याला साधारण 45 सेंमी खोली लागते. कमी असेल तर ड्राइव्ह वर उचलायचा आणि वल्हं काढायचं. मे महिन्यात हे फार जाणवतं. पवनेचं पाणी उतरलं की वाघेश्वराचं मंदिर वर येतं, उजनीत पळसदेवचं. मंदिरं दिसतात तरी. त्यांच्या आधी पाण्याखाली टपून बसलेले दगड आणि बाभळीचे खुंट दिसत नाहीत.

खुंटाला धडक बसली तर? फिनच्या पुढच्या कडेची स्टीलची कांब वाकते. शिकंज्यात धरून एकदा सरळ होते, दुसऱ्यांदाही होईल, पण तिसऱ्यांदा धरणाच्या मध्यावर तुटेल. एक जादा कांब आणि लागतील तेवढे पाने सोबत ठेवावेत. पंख्यात अशा वेळी पंखा शाफ्टला जोडणारी शिअर पिन तुटते, आणि तुटण्यासाठीच ती दिलेली असते. ‘सारखी तुटते’ म्हणून तिच्या जागी कडक स्टीलचा बोल्ट ठोकणारे महाभाग मी पाहिलेत. पुढच्या धडकेत बोल्ट शाबूत राहतो आणि गिअरचे दात जातात.

आता सुटे भाग. पंखेवाल्याची जमेची बाजू इथे आहे. बेअरिंगवर नंबर असतो, ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. जुना नग खिशात घालून नाना पेठेत गेलं की दुचाकीच्या मालात त्याच मापाचा सहसा सापडतो. दुकानदार ‘गाडी कोणती?’ विचारतो, कयाक म्हणालात तर पुढची दहा मिनिटं त्यात जातात, म्हणून नुसतं माप सांगा. शाफ्ट किंवा बुश घासला असेल तर भोसरीत लेथवर करून मिळतो. गिअर मात्र मूळ कंपनीचाच लागतो.

फिनवाल्याचं उलटं. बिघाड ओळखायला सोपा, भाग मिळायला अवघड. पेडलला मोकळा झोल आला तर चेन सैल झालीय. नट फिरवून ताण दोन्ही बाजूंना सारखा करायचा. केबलची एक जरी तार तुटून काट्यासारखी बाहेर आलेली दिसली, तर केबल बदलायची, पुढच्या रविवारची वाट बघायची नाही. पण ती केबल, स्प्रॉकेट, कांब सगळं त्या-त्या ड्राइव्हच्याच मापाचं, बाहेरून मागवायचं. म्हणून कयाकबरोबरच केबल आणि कांबेचा जादा संच घ्या. चेनला घट्ट ग्रीस फासू नका. वाळू चिकटते आणि पॉलिश पेपरचं काम करते. मालवणला नेलीत तर दोन्ही ड्राइव्ह गोड्या पाण्याने धुवा. ॲल्युमिनियममध्ये बसवलेले स्टेनलेस बोल्ट खाऱ्या पाण्याने असे धरतात की नंतर ड्रिलच लावावं लागतं.

फेरफार करायची खाज असेल तर पंखेवालाच घ्या. बहुतेकांना सायकलचे 9/16 इंची आट्यांचे पेडल बसतात (डावा उलट्या आट्यांचा, विसरून जोर लावू नका). पंखाही बदलता येतो. थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर पीएलए प्लास्टिक नको, पीईटीजी प्लास्टिक घ्या. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेला पीएलएचा पंखा मऊ पडून वाकतो. फिनवाल्यात हात घालण्यासारखं थोडंच आहे. फिनचा ताण सैल केला की पाय हलका, घट्ट केला की वेग जास्त. लांब फिनही मिळतात, पण गुडघ्यांना विचारून. पाय अडकवायला पट्टे मात्र कशालाच लावू नका. कयाक उलटली तर पाय आधी सुटले पाहिजेत.

मोटर लावायचा विचार इथे बाजूला ठेवतो, तो परवानगीचा वेगळा विषय आहे. तशी साधी कयाक पाण्यात उतरवायलाही आधी परवानगी विचारून घ्यावी. खडकवासला तर शहराच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आणि काठावर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी.

माझं मत विचाराल तर भिगवणसाठी फिन. उथळ पाणी, खुंट, जाळी, आणि गिअरची घरघर नसल्याने पक्षीही कमी बुजतात. मुळशी-पानशेतच्या खोल पाण्यात, मासेमारीसाठी पंखा. उलटं पेडल मारलं की लगेच मागे येता येतं, कटला ओढायला लागल्यावर त्याची किंमत कळते. सुरुवातीच्या फिन ड्राइव्हना रिव्हर्सच नव्हता. जुनी घेत असाल तर तेवढं विचारून घ्या. आणि पाना हातात धरायचाच नसेल तर साधं वल्हं घ्या, ते बिघडत नाही.

वापरलेली पंखेवाली बघायला जाताना शिअर पिन काढून बघा, मूळची आहे की बोल्ट ठोकलाय. मग खालच्या पेटीचा स्क्रू उघडून तेलाचा थेंब बोटावर घ्या. मालक ‘कालच बदललंय’ म्हणून स्क्रूला हात लावू देत नसेल, तर ते दुधाळ आहे असं धरूनच भाव करा.